चार इंची भिंतीवरचा डार्टबोर्ड

मी डार्टबोर्ड आमच्या आणि दादाच्या घरांमधल्या भिंतीवर लावला. भिंत चार इंची. पलीकडून तिला लागून आईची खाट, आणि खाटेच्या वर बाबांचा फोटो. या तिन्ही गोष्टी मला आधीपासून माहीत होत्या.

माहीत होत्या तर लावला कशाला, हा प्रश्न मला तेव्हापासून अनेकांनी विचारला आहे. बायकोने विचारला. दादाने भिंतीपलीकडून विचारला. कूलरवाल्या सलीमभाईने तर स्वतःचं ड्रिल मशीन परत नेताना, आमच्या दारात उभं राहून, आमचाच चहा पीत विचारला. दर वेळी मी वेगळं उत्तर देतो, आणि दर वेळी ते मला पटतं.

काल कूलर धुवायला काढला. एप्रिल लागला की दारव्ह्यात घरोघरी हे सुरू होतं. कूलरवरची प्लास्टिकची पांघरुणं निघतात, मागच्या सालच्या गवताच्या ताट्या अंगणात मोडून पडतात, त्यातून झुरळं बेघर होऊन शेजाऱ्यांकडे जातात, आणि नव्या ताट्यांवर पहिलं पाणी पडलं की ओल्या गवताचा वास सुटतो. लोकांना त्या वासाने गार वाटतं. माझं डोकं तापतं. पाण्याचा ड्रम पुढे ओढला, तर त्याच्यावर झाकण म्हणून ठेवलेला तोच बोर्ड: कडेने आकडे, मध्ये लाल ठिपका, पाण्याने फुगून भाकरीसारखा झालेला. ठिपका मात्र कोरा. दुकानातून आला तेव्हा होता तसाच.

तो बोर्ड पाहिला आणि तो अख्खा उन्हाळा पुन्हा अंगावर आला.

आमच्याकडचा उन्हाळा बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. इतर गावांत ऊन पडतं. आमच्याकडे ते घरात येऊन बसतं, पाय पसरतं आणि जेवूनच जातं. सकाळी दहाला चप्पल अंगणात राहिली तर तिच्यात पाय घालताना माणूस नाचतो. यवतमाळहून आलेल्या एसटीतून डोक्याला दुपट्टे गुंडाळलेली माणसं उतरतात आणि डोळ्यांशिवाय काहीच दिसत नसल्याने नातेवाईकसुद्धा एकमेकांना चुकवून निघून जाऊ शकतात. ही एक सोय आहे. दुपारी कॉलनीतला रस्ता इतका रिकामा होतो की नालीत बसलेलं कुत्रंही मान वर करून पाहत नाही. सगळी माणसं घरात, सगळी दारं बंद, आणि बंद दाराआड प्रत्येक जण आपल्यावर झालेल्या अन्यायाची उजळणी करत पडलेला. पावसाळ्यात माणसं वावराच्या मागे असतात, हिवाळ्यात लग्नांच्या. भांडायला निवांत वेळ मिळतो तो उन्हाळ्यातच.

त्यात मी त्या साली नुकताच रिटायर झालो होतो. बांधकामाच्या सरकारी कचेरीत मी उभा जन्म कारकुनी केली. तालुक्यातल्या कितीतरी भिंतींचे कागद माझ्या हाताखालून गेले. भिंत एकही गेली नाही. पण लोकांना हे समजत नाही. बांधकाम खात्यातला माणूस म्हणजे त्याला भिंतीतलं कळतं, असं कॉलनीत सगळे धरून चालतात. वाईट हे, की मीही धरून चालायला लागलो होतो.

आता ती भिंत. बाबांनी हे स्लॅबचं घर बांधलं तेव्हा मधे एक लांबलचक हॉल होता. बाबा गेल्यावर दादाने आणि मी वाटणी केली आणि हॉलच्या बरोबर मधून भिंत घातली. आठ इंची घातली तर दोघांचीही जागा जास्त जाते, म्हणून चार इंची. जागेच्या बाबतीत दुसऱ्याला बोटभरही जास्त मिळू नये, यावर आमचं दोघांचं जेवढं एकमत झालं तेवढं पुढे कशावरही झालं नाही. गवंडी वर गेला तेव्हा लक्षात आलं, की भिंत बरोबर पंख्याच्या खालून चालली आहे. पंखा काढला. आकडा छतातच राहिला, अर्धा त्यांच्याकडे, अर्धा आमच्याकडे. पंखा कोणाचा, हे न ठरल्यामुळे तो गच्चीवर गंजत पडला आहे. मी वर गेलो की त्याचं पातं फिरवून पाहतो. दादाही पाहत असावा, कारण कधी कधी ते मी सोडलं होतं त्याहून वेगळ्या दिशेला असतं.

भिंत घातली त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. म्हणजे एकमेकांशी नाही. बोलणं भरपूर चालायचं. दादा त्याच्या अंगणात वहिनीला म्हणायचा, "सांगजो बरं त्यायले, नालीत खरकटं टाकून राह्यले." वहिनी आमच्याकडे बघायचीसुद्धा नाही, सांगायचीही गरज नसायची, कारण दादा शाळामास्तर होता आणि त्याचा आवाज मागच्या बाकापर्यंत जायचा. मी आमच्या अंगणात मोगऱ्याला पाणी घालता घालता मोगऱ्याला सांगायचो, "ज्याले वास येते त्यानं नाक बंद ठेवावं." मोगरा त्या काळात पुष्कळ शिव्या शिकला.

भिंतीने माणसं तोडली जातात असं म्हणतात. मला उलटा अनुभव आहे. हॉल एक होता तेव्हा दादाबद्दल मला काही माहीत नव्हतं. भिंत आल्यावर सगळं कळायला लागलं. तो चहा झाल्यावर तीनदा खाकरतो. दुपारच्या बातम्या लावतो आणि बातम्या देणाऱ्या बाईशी भांडतो. वहिनीने भाजीत मीठ जास्त टाकलं की ताट सरकवत नाही, फक्त पाणी मागतो, पुन्हा पाणी मागतो. चार इंचातून हे सगळं झिरपून येतं. प्रेमाने ऐकणारा माणूस एवढं कान देऊन ऐकणार नाही.

आणि त्या भिंतीतून आई यायची. तिची खोकल्याची उबळ, तिचा तांब्या फरशीवर टेकल्याचा आवाज, झोपेत कूस बदलताना खाटेची करकर.

आईचीही वाटणी झाली होती. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती आमच्याकडे यायची, दसऱ्याला त्यांच्याकडे जायची. खाट, कपड्यांची पिशवी आणि पितळी तांब्या एवढा तिचा संसार या फाटकातून त्या फाटकात हलायचा. मधलं अंतर एका कडूनिंबाच्या सावलीएवढं. पण आदल्या साली अखाजीला तिला ताप होता, आणि दादाने जाहीर केलं (मला नाही, कडूनिंबाखाली उभ्या असलेल्या भाजीवाल्याला), की या उन्हात म्हातारीला हलवणार नाही. ताप तिसऱ्या दिवशी उतरला. आई मात्र वर्षभर तिकडेच राहिली.

"यंदाही नाही आल्या, तर आता कधीच येत नाही," सुनीता म्हणाली. सुनीता माझी बायको, बोरी अरबची. तिच्या माहेरची माणसं कमी बोलतात आणि जे बोलतात ते खरं होतं, हा तिच्याशी संसार करण्यातला मोठा त्रास आहे.

मला आई हवी होती. का हवी होती याचं उत्तर सरळ नाही. पहाटे ती मोरीत चूळ भरते त्या आवाजाने मला लहानपणापासून जाग येते, आणि ती तिकडे असली की तो आवाज भिंतीतून गाळून येतो, पाणी घातलेल्या दुधासारखा. हे एक. आणि दुसरं हे, की ती दादाकडे होती. दोन्हीपैकी कोणतं कारण मोठं, ते मी त्या उन्हाळ्यात मोजलं नाही. मी तयारीला लागलो. नवा मोठा कूलर घेतला. त्याचा झोत सरळ जिथे पडतो ती जागा आईच्या खाटेसाठी नक्की केली. वाळ्याची जुडी माठात टाकली. सलीमभाई कूलर बसवायला आला तेव्हा त्याला मुद्दाम दार उघडं ठेवून जोरात विचारलं, "काहो सलीमभाई, ऐंशी वर्षांच्या माणसाले हा कूलर पुरन ना?"

"साहेब," सलीमभाई त्याहून मोठ्याने म्हणाला, कारण त्याला भांडणाची चव होती, "या कूलरमधी मुडदा ठेवला तं तोबी उठून चादर मांगन!"

पलीकडे बातम्यांचा आवाज वाढला.

याच तयारीच्या दिवसांत मी आठ दिवस पुण्याला मुलाकडे गेलो होतो. त्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीवर डार्टबोर्ड होता. त्याचे दोन-तीन मित्र खेळत होते. एकाने माझ्या हातात बाण दिला, "काका, मारा." मी चष्मा वर केला आणि मारला. बाण लाल ठिपक्यात बसला.

मला त्यात काही विशेष करावं लागलं नव्हतं. हात उचलला, सोडला. पण ती पोरं ओरडली, कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मुलाने मोबाईलवर फोटो काढला. दुसरा बाण मी मारला नाही. थोर माणसं कुठे थांबायचं ते जाणतात. आणि मग परतीच्या ट्रॅव्हल्समध्ये, मुलाला घेऊन द्यायला लावलेला नवा बोर्ड मांडीवर ठेवून, रात्रभर मी एकच विचार करत आलो: आता दादाला कळेल.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल. लहानपणी नेम दादाचा होता. आमच्या जुन्या भाड्याच्या घरामागे आंब्याचं झाड होतं. दादा खालून एक खडा उचलायचा, डोळा बारीक करायचा, आणि सांगेल ती कैरी पडायची. मी खाली फ्रॉकसारखा शर्ट पसरून उभा. एकदा मी हट्टाने खडा घेतला. तो झाडाच्या बाजूने गेला, कौलांवर पडला, तिथून घरंगळला आणि ओसरीत आईने वाळत घातलेल्या सांडग्यांच्या परातीत उतरला. आईने खडा उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "यानंतर डोळे मिटून मारत जा. बराबर लागन." दादा हसला. तो तसा फार हसणारा मुलगा नव्हता, म्हणून ते लक्षात राहिलं. माणूस रिटायर झाला तरी काही हसणी रिटायर होत नाहीत.

तर बोर्ड घरी आला. "कोठी लावता?" सुनीताने विचारलं.

मी तिला घर फिरवून दाखवलं. या भिंतीला देव. या भिंतीला कूलरची खिडकी. ही भिंत पश्चिमेची, दुपारनंतर तव्यासारखी तापते, बोर्ड करपेल. उरली ही.

"अहो, पलीकडं आईची खाट हाय."

"हळू मारतो ना."

"एवढं हळू मारलं तं बाण पोचन कसा?"

बोरी अरब. मी दुर्लक्ष केलं. बोर्ड लावायचं एक शास्त्र असतं. ठिपक्याचा मध्य जमिनीपासून पाच फूट आठ इंच, फेकणाऱ्याची रेघ आठ फुटांच्या जरा अलीकडे. मी टेप लावून पेन्सिलने खूण केली. ती करताना मनात आलं, की मागच्या बाजूला साधारण याच उंचीवर बाबांचा फोटो आहे. मग मनात आलं, की भिंत आहे ना मधे.

सलीमभाई ड्रिल मशीन घेऊन आला. सोबत आणलेलं पातं कूलरची पाण्याची नळी भिंतीतून काढायचं, वीतभर लांब. मी म्हटलं, एवढं लांब कशाला? तो म्हणाला, "लहान हाय, पन ते लडकेनं हरवलं. तुम्ही आधेच मारा, साहेब. तुम्ही तं बांधकामवाले."

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. मी मशीन त्याच्या हातातून काढून घेतलं. त्याने स्टूल धरलं आणि मला चढवलं, दोन्ही अर्थांनी.

आधी पांढरी भुकटी आली, मग विटेची लाल. भिंत दातांपर्यंत हलत होती. हाताला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांनी त्या भिंतीला मी काहीतरी करत होतो. "झालं, झालं साहेब, आता गिट्टी ठोका," सलीमभाई खालून ओरडला. मी म्हटलं, थोडं अजून, पक्कं बसू दे. आणि मग पातं एकदम हलकं झालं. गर्दीत ढकलता ढकलता समोरचं दार उघडावं तसं. ते आत गेलं, पलीकडे गेलं, आणि तिथे कशाला तरी गुंडाळायला लागलं.

पलीकडून वहिनीची किंकाळी आली.

"अहोऽऽ! या ना लवकर! मामाजी हालून राह्यले फोटोत!"

मी घाबरून पातं मागे ओढलं. ते सहज येईना. आणखी जोर लावला, तर पलीकडे काहीतरी भिंतीवर खडखड आपटलं, आणि पातं बाहेर आलं ते सोनेरी जर लपेटून. बाबांच्या फोटोचा हार. मी त्याचा वीतभर तुकडा भिंतीतून ओढून आणला होता.

भोकातून बारीक उजेड येत होता. मग तो बंद झाला. पलीकडून कोणीतरी डोळा लावला होता. मग डोळा गेला आणि तोंड आलं.

"कोन हाय रे तिकडं?" इतक्या वर्षांत दादा माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"कोण असन? मीच."

"बापाच्या गळ्याले हात घातला तू!"

"गळ्याले नाही. हाराले."

"अन् हार कोनाच्या गळ्यात होता? माह्या?"

मी भोकात लाकडी गिट्टी ठोकली. सलीमभाई म्हणाला, "एक नंबर बसली, साहेब," आणि चहा मागितला. बोर्ड लावून झाला. तो जरासा डावीकडे कलला होता. पलीकडे बाबाही, वहिनीने कॉलनीला सांगितल्याप्रमाणे, तेव्हापासून डावीकडेच कललेले होते.

त्यानंतरचे दिवस आठवले की मला आधी आवाज आठवतात. दुपारी जेवण झालं की मी रेघेवर उभा राहायचो. बाण बोर्डाला लागला तर थप्प असा मऊ आवाज येतो. भिंतीला लागला तर टक्क. फरशीवर पडला तर टण्णकन वाजत लांब जातो. आमच्याकडे टक्क आणि टण्ण यांची जुगलबंदी चालायची. पुण्यातला तो एक बाण माझ्या हातून कसा गेला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. एक बाण कूलरच्या ताटीत घुसला तो आत पडून पंप अडकला. एक बाण कलेंडरातल्या रविवारात बसला. एक सुनीताने टेबलपंख्यापुढे पसरलेल्या कुरडयांत गेला. तिने तो उपसून काढला, टोक पदराला पुसलं, माझ्या हातात दिला आणि कुरडया उचलून आत नेल्या. प्रत्येक टक्कला भिंतीचा पोपडा उडायचा. बोर्डाभोवती चिमण्यांनी दाणे टिपल्यासारखे खड्डे पडत गेले, वर्तुळ वाढत गेलं.

दादा गप्प बसणारा नव्हता. त्याने यवतमाळहून पितळी घंटा आणली, देवळात असते तशी, आणि बाबांच्या फोटोशेजारी, माझ्या बोर्डाच्या पाठीला पाठ लावून टांगली. माझा बाण टक्क झाला, की पलीकडे घण्ण. मी दोन मारले, तर त्याचे दोन. मी दुपारी खेळायचो, तर तो पहाटे आरती करायचा, आयुष्यभर नास्तिक असून. मी सकाळी खेळायला लागलो. त्याने नैवेद्याची आरती काढली. कॉलनीतले लोक फाटकाशी थांबून कान द्यायचे. एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "काय हो, तुमच्याकडे कोणतं अनुष्ठान सुरू हाय?" मी म्हटलं, भावाचं.

खोटं कशाला बोलू, मजा यायची. असं वैर हातात दांडगं औजार असल्यासारखं असतं. दिवस त्याच्याभोवती बसतो. सकाळी उठायला कारण असतं. मी रिटायर झालेला माणूस, माझी वाट पाहणारं जगात दुसरं काहीही उरलं नव्हतं, आणि पलीकडे एक माणूस घंटेची दोरी धरून माझ्या बाणाची वाट पाहत उभा होता.

पण त्या घंटेच्या आणि बाणाच्या मधे आईची खाट होती, हे आम्ही दोघं विसरलो. विसरलो हा शब्दही बरोबर नाही. दोघांनीही तिला आपल्या बाजूची धरली होती.

आई काहीच बोलत नव्हती. आधी तिची करकर ऐकू यायची, आता तीही येईना. मी सुनीताला म्हणालो, "घंटेनं कावली ती. पाहजो, यंदा अखाजीची वाट नाही पाहत." पलीकडे दादा वहिनीला म्हणत होता, "म्हातारीवर बाण चालवून राह्यला तो. जाईन का ती त्याच्या घरी?" दोघांनाही खात्री होती. एकदा मी रेघेवरून बाण मारायच्या आधी थांबलो आणि भिंतीला कान लावला. काही नाही. मग अगदी जवळून, विटेतून, आईने सोडलेला सुस्कारा आला. कंटाळलेल्या मास्तराचा, वर्गात तेच तेच चुकणाऱ्या पोरासाठी असतो तसा. तो घंटेवरचा आहे असं मी ठरवलं आणि बाण मारला. टक्क.

अखाजी आली. बाबांच्या नावाने लाल घागर भरायची, वाळ्याचं पाणी, वर आंबा, ताटात आमरस, पुरणपोळी, भजी, कुरडया. वाटणीनंतर बाबांना दोन घागरी मिळतात. एक भिंतीच्या इकडे, एक तिकडे. मला नेहमी वाटतं, हयातीत आम्ही ज्या माणसाला एका घरात नीट जेवू दिलं नाही, त्याला आता दोन ताटं एका वेळी कशी संपत असतील. त्या दिवशी मी पहाटेच अंघोळ करून फाटकाशी उभा होतो. धोतर नेसलो होतो. सलीमभाईला खास बोलावून कूलर तपासून घेतला होता. खाटेची जागा पुसून लख्ख होती.

पलीकडचं फाटक वाजलं. आई आली.

काठी, पांढरी साडी, हातात तांब्या. पिशवी नव्हती. मी मनात म्हटलं, पिशवी दादाने अडवली, मागून आणू. दादा त्याच्या दारात हाताची घडी घालून उभा होता आणि कडूनिंबाकडे पाहत होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तसं इतक्या वर्षांत पाहिलं नसेल. आई कडूनिंबाखालून चालत आली, आमच्या पायरीवर चढली, आत आली. सुनीता पाया पडली. आईने बाबांच्या घागरीला हात जोडले. मग वळली, आणि बोर्ड लागल्यापासून पहिल्यांदाच तिने ती भिंत इकडच्या बाजूने पाहिली.

बराच वेळ पाहिली. काठीवर जोर देऊन पुढे गेली. पोपड्यांचे खड्डे बोटाने चाचपले. कलेंडरातला रविवार पाहिला. कूलरच्या ताटीतलं भोक पाहिलं. मग बोर्डाजवळ तोंड नेऊन त्यावरून हळूच हात फिरवला. नवंकोरं दुपटं पाहावं तसा.

"आई, इथं तुही खाट," मी म्हणालो. "पाह्य, कशी गार हवा येते."

"इथं?" तिने खालच्या फरशीकडे पाहिलं, मग वर बोर्डाकडे, मग रेघेकडे, मग माझ्याकडे. "नाही रे बाप्पा. मी जेवतो अन् तिकडंच जातो."

"काहून? तिकडं घंटा वाजते ना डोक्यावर!"

"वाजू दे. तिकडं तुह्या-माह्यात भिंत तरी हाय."

पलीकडून, बाबांच्या फोटोशेजारून, घंटा वाजली. एकदाच, अगदी सावकाश. गिट्टीच्या फटीतून सगळं ऐकू जातं हे मला माहीत असायला हवं होतं.

सुनीता आमरसाची वाटी घेऊन तशीच उभी होती. "आई, बोर्ड काढून टाकतो ना मी," मी म्हणालो. स्टूल ओढलंसुद्धा. "आता काढतो. तुह्यासमोर काढतो."

आई पाटावर बसली, तांब्या शेजारी टेकवला, आणि सुनीताच्या हातातली वाटी घेत म्हणाली, "राहू दे तो तिथंच. साऱ्या घरात तेवढीच एक जागा हाय, जिथं तुहा बाण लागत नाही. माही खाट टाकाचीच असन, तं त्याच्यावर टाक."